पोर्टलंड व्हास: दोन हजार वर्षांची काच आणि तिची तीनदा झालेली जुळणी

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काचेचं एक भांडं आहे. उंचीला साधारण साडेचोवीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडंसं जास्त. गोल पोट, वर निमुळती मान आणि मानेपासून खांद्यापर्यंत उतरलेले दोन कान. काच इतकी गडद निळी की नुसत्या उजेडात ती काळीच वाटते. पलीकडून प्रकाश आला की मग आतला निळा रंग दिसायला लागतो. त्या निळ्यावर पांढऱ्या काचेत कोरलेल्या सात आकृती आहेत. इसवी सनाच्या पहिल्या पंचवीसेक वर्षांत, रोमन साम्राज्यात, बहुधा इटलीत हे भांडं घडलं. जग त्याला ‘पोर्टलंड व्हास’ म्हणतं. पोर्टलंड हे ना कारागिराचं नाव, ना गावाचं. ज्या इंग्रज सरदार घराण्याकडे ते काही पिढ्या होतं, त्या घराण्याची ती पदवी.

कपाटात ठेवलेलं हे भांडं लांबून अखंड वाटतं. प्रत्यक्षात ते जवळपास दोनशे तुकड्यांचं आहे आणि १८४५ पासून आजवर तीन वेळा जोडलं गेलंय. मला सांगायचंय ते मुख्यतः या जोडण्याबद्दलच. वस्तू संग्रहालयात गेली म्हणजे ती कायमची वाचली, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. तिला पुन्हा पुन्हा वाचवावं लागतं, आणि आधीच्या पिढीनं दुरुस्ती कशी केली, काय लिहून ठेवलं, कोणता कपचा जपला यावर पुढच्या पिढीचं काम सोपं होतं किंवा अवघड होऊन बसतं. सोलापुरात बसून लंडनच्या भांड्याबद्दल लिहायला आणखी एक कारण आहे. हे भांडं ज्या हौसेतून घडलं, तिचा एक धागा आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणापर्यंत येतो आणि बार्शीच्या पलीकडच्या तेर गावावरून जातो.

आधी काच म्हणजे काय ते पाहू. काचेचा मूळ ऐवज म्हणजे वाळू. पण शुद्ध वाळू वितळायला सतराशे अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते, आणि तेवढी धग जुन्या भट्ट्यांमध्ये निघत नसे. म्हणून वाळूत खार मिसळायचा. रोमन काळात हा खार प्रामुख्यानं इजिप्तमधल्या वादी नत्रून इथल्या आटलेल्या तळ्यांतून येई. खारामुळे वाळू बरीच कमी उष्णतेला वितळते, पण नुसती वाळू आणि खार यांची काच पाण्यात हळूहळू विरघळते. तिला टिकाऊ करतो तो चुना. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा आपसूकच मिसळलेला असल्यानं तिथल्या काचेत चुना वेगळा घालावा लागत नसे. वाळू, खार आणि चुना: दोन हजार वर्षांपूर्वीची काच आणि आपल्या खिडकीची काच यांची मूळ कृती आजही हीच आहे.

रंगाला चिमूटभर ऐवज पुरतो. वाळूतल्या लोहामुळे काचेला हिरवट झाक येते. कोबाल्टचा अगदी थोडा अंश पडला की गडद निळा रंग येतो. पांढऱ्याची गोष्ट वेगळी आहे. काच दुधासारखी दिसायची तर तिच्यातून प्रकाश सरळ पार जाता कामा नये. तो आतच इकडेतिकडे विखुरला पाहिजे. त्यासाठी रोमन कारागीर अँटिमनी हे खनिजद्रव्य वापरत. काचेतल्या चुन्याशी त्याचा संयोग होऊन डोळ्यांना न दिसणारे असंख्य बारीक स्फटिक तयार होतात, आणि त्यांच्यावर आपटून प्रकाश परत फिरतो. पोर्टलंड व्हासवरची पांढरी माणसं अशा स्फटिकांनी भरलेल्या काचेची आहेत.

आता प्रश्न असा की निळ्या काचेवर पांढरा थर चढवून तो कोरायची कल्पना मुळात आली कुठून? ती आली दगडावरून. अकीक, सुलेमानी अशा दगडांत एकावर एक वेगवेगळ्या रंगांचे पट्टे असतात. वरचा पांढरा पट्टा कोरून आकृती काढायची आणि खालचा तपकिरी किंवा काळा पट्टा पार्श्वभूमी म्हणून मोकळा ठेवायचा, या कामाला कॅमिओ म्हणतात. रोमच्या राजघराण्यात आणि धनिकांत या कोरीव दगडांचं वेड होतं. सर्वांत चांगले पट्टेदार दगड भारतातून येतात, हे त्यांना ठाऊक होतं. रोमन लेखक प्लिनीनं भारतीय दगडांबद्दल लिहिलंय.

हे दगड आपल्या पायाखाली कसे आले तेही सांगायला हवं, कारण शाळेत आपण ‘दख्खनचा लाव्हा’ एवढंच शिकतो आणि पुढे जातो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे लाखो वर्षं त्या पोकळ्यांतून सिलिकामिश्रित पाणी झिरपत राहिलं आणि आतल्या भिंतीवर पातळ पापुद्र्यासारखा एकेक थर बसत गेला. पाण्यातले क्षार बदलले की थराचा रंग बदलला. सोलापूर जिल्ह्यात विहिरीचं काम निघालं की मुरमात आणि काळ्या पाषाणात ज्या गारगोट्या निघतात, त्यांतली एखादी फोडून पाहा. कडेनं करड्या-पांढऱ्या रेघा एकीत एक अशा वळत गेलेल्या दिसतात आणि मधे कधीकधी स्फटिकांची पोकळी असते. रोमच्या कारागिरांना हवे असलेले पट्टे याच जातीचे. अर्थात त्यांच्या कामाला लागणारे मोठे, सरळ आणि स्वच्छ पट्ट्यांचे दगड फार दुर्मीळ.

हा माल तिथे कसा जाई, याची नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक लेखात आहे. ‘पेरिप्लस’ या नावानं तो ओळखला जातो. तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतची बंदरं, तिथला माल आणि वाटा यांचं ते वर्णन आहे. त्यात दख्खनमधली दोन मोठी व्यापारी गावं सांगितली आहेत: पैठण आणि तगर. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजेच आजचं तेर, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहाससंशोधक जे. एफ. फ्लीट यांनी मांडलं आणि ते पुढे सर्वमान्य झालं. पैठणहून सुलेमानी दगड मोठ्या प्रमाणावर भडोचला जाई. तगरहून जाई ते कापड: जाडंभरडं सुती, मलमल आणि इतर तऱ्हांचं. हे सगळं गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून. चादरी आणि टॉवेलांच्या गावात राहणाऱ्या माणसाला हे वाचताना ऊर भरून येतो, निदान मला तरी येतो. आजच्या यंत्रमागांचा आणि तेव्हाच्या तेरच्या विणकरांचा थेट संबंध जोडता येत नाही, पण हा मुलूख दोन हजार वर्षांपूर्वीही कापड बाहेर पाठवत होता एवढं नक्की.

परतीच्या जहाजांतून भडोचला काय उतरे त्याचीही यादी आहे. इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळी, सोन्या-चांदीची नाणी. आणि त्याच यादीत दोन नावं अशी आहेत की मी तिथे थबकलो: कच्ची काच आणि अँटिमनी. अँटिमनी इकडे बहुधा डोळ्यांत घालायच्या अंजनासाठी येत असावं. म्हणजे तिकडे काच पांढरी करणारा ऐवज इकडे डोळ्यांत जात होता, आणि इकडचा पट्टेदार दगड तिकडे ज्या कलेला जन्म देत होता तिची नक्कल त्याच पांढऱ्या काचेत होत होती. पोर्टलंड व्हास आणि तेरची भरभराट ही एकाच शतकातली.

दगडाला मर्यादा असते. वीतभर उंचीचं, सगळीकडे सारख्या जाडीचा पांढरा थर असलेलं भांडं दगडातून काढणं जवळपास अशक्य. काचेत ते जमू शकेल असं कोणाच्या तरी मनात आलं. फुंकनळीनं काच फुगवण्याची युक्ती तेव्हा अगदी ताजी होती. इसवी सनापूर्वी पन्नासेक वर्षं, भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर ती निघाली. बहुतेक अभ्यासकांचं मत असं की पोर्टलंड व्हासच्या कारागिरानं नळीच्या टोकाला निळ्या काचेचा तापलेला गोळा घेतला, तो थोडा फुगवून पांढऱ्या काचेच्या रसात बुडवला आणि मग दोन्ही थर एकत्रच फुगवले. अलीकडे काही काच-कारागिरांनी याला हरकत घेतलीय. काचेतल्या बुडबुड्यांचे आकार पाहता भांडं फुंकलेलं नसून साच्यात काचेचा चुरा भरून घडवलं असावं, असं ते म्हणतात. वाद मिटलेला नाही. मला पहिलं मत जास्त पटतं, कारण बुडवून फुगवण्याची रीत आजच्या कारागिरांनी प्रत्यक्ष करून दाखवलीय.

रीत कोणतीही असो, खरी अडचण थंड होण्याची आहे. प्रत्येक काच निवताना आकसते, पण तिच्यातल्या ऐवजाप्रमाणे कमीजास्त. निळी काच थोडी जास्त आकसली आणि पांढरी कमी, तर एकमेकींना चिकटलेले ते दोन थर एकमेकींना ओढत राहतात. बाहेरून काही दिसत नाही, पण ओढ आत कायम असते, आणि एखाद्या दिवशी जराशा निमित्तानं काच तडकते. म्हणून दोन्ही काचा आकसण्यात सारख्या बनवाव्या लागतात आणि भांडं मंद धगीच्या भट्टीत फार सावकाश निवू द्यावं लागतं. हे किती कठीण आहे ते १८७६ मध्ये दिसलं. जॉन नॉर्थवुड नावाच्या इंग्रज कारागिरानं काचेतच पोर्टलंड व्हासची प्रतिकृती करायला घेतली होती. तीन वर्षं कोरून काम शेवटाला आलं, आणि तेव्हा ते भांडं तडकलं. त्या काळच्या नव्या भट्ट्या आणि नवं रसायनशास्त्र हाताशी असूनही आतली ओढ त्याला टाळता आली नव्हती. रोमन कारागिराकडे ना तापमान मोजायचं साधन होतं ना आकसण्याचं कोष्टक. होती ती फक्त हाताची आणि डोळ्यांची सवय.

थंड झालेल्या भांड्याच्या पांढऱ्या थरावर मग कोरणाऱ्याचा हात चाले. हे लोक बहुधा दगडावरच कॅमिओ कोरणारे असावेत. जिथे निळी पार्श्वभूमी हवी तिथला पांढरा थर पूर्ण काढायचा, आणि आकृतीत कुठे जाड ठेवायचा तर कुठे पातळ. या भांड्याचं सगळं सौंदर्य या कमीजास्त जाडीत आहे. गाल, खांदा, गुडघा असा उजेडाचा भाग जाड ठेवलाय म्हणून तो शुभ्र दिसतो. बरगडीची खोली, वस्त्राची चुणी, झाडाचं लांबचं पान इथे थर इतका पातळ केलाय की खालचा निळा त्यातून डोकावतो आणि सावलीसारखी निळसर राखाडी छटा येते. रंगाचा एक थेंब न लावता छाया-प्रकाश. यात चूक दुरुस्त करायची सोय नाही. एकदा जास्त खरवडलं गेलं की परत भरता येत नाही.

चित्र काय आहे? एका बाजूला कमानीतून येणारा तरुण, त्याच्याकडे हात पुढे करून बसलेली स्त्री, तिच्याजवळ सापासारखा प्राणी, वर मशाल घेऊन उडणारा बाल-कामदेव आणि हनुवटीला हात लावून पाहणारा दाढीवाला पुरुष. दुसऱ्या बाजूला एक तरुण, खाली झुकलेली मशाल हातात घेऊन रेललेली स्त्री, आणि तिच्या पलीकडे दंड धरून बसलेली दुसरी स्त्री. ही ग्रीक पुराणातल्या पेलेउस आणि थेटिस यांच्या विवाहाची कथा असं बरेच जण मानतात. काहींना त्यात सम्राट ऑगस्टसचं घराणं दिसतं. चारशे वर्षं चर्चा करूनही एकमत झालेलं नाही, आणि मी त्यात पडत नाही.

मालकांची यादी भराभर सांगतो. भांड्याची पहिली खात्रीची नोंद १६००-०१ मधली, रोममधल्या कार्डिनल देल मोंते यांच्या संग्रहातली. ते एका थडग्यात सापडलं अशी कथा आहे, पण तिला भक्कम आधार नाही. पुढे ते बार्बेरिनी घराण्यात गेलं आणि दीडशे वर्षं तिथे राहिलं. त्या घराण्यातल्या एका राजकन्येनं पत्त्यांच्या जुगारातल्या देण्यापायी ते विकलं. मधल्या व्यापाऱ्याकडून ते नेपल्समधले ब्रिटिश राजदूत सर विल्यम हॅमिल्टन यांनी हजार पौंडांना घेतलं आणि इंग्लंडला आणलं. १७८४ मध्ये ते पोर्टलंडच्या डचेसकडे गेलं. पुढच्याच वर्षी ती वारली. १७८६ च्या लिलावात तिच्या मुलानं ते १,०२९ पौंडांना परत घेतलं आणि कुंभकलेतला नामवंत कारखानदार जोसाया वेजवुड याला नक्कल करण्यासाठी उसनं दिलं. काळ्या मातीवर पांढरं नक्षीकाम अशी ती नक्कल साधायला वेजवुडला जवळपास चार वर्षं लागली. १८१० मध्ये चौथ्या ड्यूकनं भांडं ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवायला दिलं. घरात एका ओळखीच्या व्यक्तीच्या हातून त्याचा तळ निखळला होता. हा तळ मुळातला नव्हताच. मूळ भांडं बहुधा खाली निमुळतं होत गेलेलं होतं. तो भाग प्राचीन काळीच फुटला असावा, आणि दुसऱ्या कुठल्यातरी कोरीव काचेतून गोल चकती कापून तिथे बसवली गेली. म्हणजे दुरुस्तीची सुरुवात म्युझियमच्याही फार आधीची.

आणि मग ७ फेब्रुवारी १८४५ ची दुपार. पावणेचारच्या सुमारास एका तरुणानं शेजारचा जड कोरीव दगड उचलून कपाटावर घातला. काच, कपाट, भांडं, सगळं जमिनीवर. त्यानं विल्यम लॉईड असं नाव सांगितलं. आपण आठवडाभर दारू पीत होतो असंही सांगितलं. पुढे कळलं की नाव खोटं होतं आणि तो डब्लिनमधून बेपत्ता झालेला विद्यार्थी होता.

कोर्टात जे झालं ते आजही वाचून अस्वस्थ व्हायला होतं. मुद्दाम केलेल्या नुकसानीचा जो कायदा तेव्हा होता, तो पाच पौंडांपर्यंतच्या वस्तूंनाच लागू होता. भांड्याची किंमत त्याच्या कितीतरी पट, म्हणून भांडं फोडल्याबद्दल त्या कायद्याखाली शिक्षाच होऊ शकेना! मग फोडलेल्या कपाटाबद्दल खटला चालला. तीन पौंड दंड, नाहीतर दोन महिने सक्तमजुरी. पैसे नव्हते म्हणून तो तुरुंगात गेला. काही दिवसांनी कोणीतरी नाव न सांगता टपालानं पैसे पाठवले आणि तो सुटला. ड्यूकनं भरपाईचा दावा लावला नाही. पोराच्या घरची स्थिती हलाखीची आहे असं समजल्यावर त्यानं ते प्रकरण सोडून दिलं. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं संग्रहालयातल्या वस्तूंच्या रक्षणासाठी नवा कायदा केला.

तुकडे गोळा झाले. एका चित्रकाराकडून ते मांडून ठेवल्याचं जलरंगातलं चित्र काढून घेतलं गेलं, जे आजही म्युझियमकडे आहे. जोडणीचं काम जॉन डबलडे या म्युझियमच्या कारागिराकडे आलं आणि त्यानं ते १० सप्टेंबर १८४५ ला पूर्ण केलं. त्या काळाच्या मानानं ते फार उत्तम काम होतं. पण सदतीस लहान कपच्यांना जागा सापडली नाही. ते बाजूला ठेवले गेले, त्यांच्यासाठी सदतीस कप्प्यांची पेटी करायला एका पेटी बनवणाऱ्याकडे दिले गेले, आणि मधल्या काळात विसरले गेले. १९४८ मध्ये एक गृहस्थ ते कपचे घेऊन म्युझियममध्ये आले आणि हे कशाचे आहेत म्हणून विचारू लागले. पेटीवाल्याच्या मागे राहिलेल्या सामानात ते निघाले होते. फेकून न देता विचारायला आणले, हेच मोठं.

तोवर म्युझियमनं भांडं विकत घेतलं होतं. १९२९ मध्ये घराण्यानं ते लिलावात काढलं, पण अपेक्षित किंमत आली नाही. १९४५ मध्ये म्युझियमनं ते खरेदी केलं. डबलडेची जोडणी शंभर वर्षांत सैल पडली होती. १९४८-४९ मध्ये भांडं सुटं करून पुन्हा जोडलं गेलं, पण त्या सदतीसपैकी तीनच कपचे बसवता आले.

चाळीस वर्षांत हा डिंकही पिवळा आणि ठिसूळ झाला. भांड्यावर बोटानं हलकेच टिचकी मारली की आतून खुळखुळ ऐकू येई. थापटणं हातात घेऊन कोणतं मडकं कच्चं ते पारखणाऱ्या गोरोबाकाकांची कथा आपल्याला माहीत आहे. इथेही भांड्याची खरी अवस्था आवाजानंच सांगितली. १९८८ मध्ये नायजेल विल्यम्स आणि सँड्रा स्मिथ या दोन संवर्धकांनी ते तिसऱ्यांदा सुटं करायला घेतलं. आधी प्रत्येक तुकड्याची जागा छायाचित्रांत आणि रेखाचित्रांत नोंदवली. मग भांडं आतून-बाहेरून टीपकागदात गुंडाळून, डिंक मऊ करणाऱ्या द्रावकासह बंद काचपात्रात तीन दिवस ठेवलं. कागद काढला तेव्हा हाती आले १८९ तुकडे.

गोल भांडं जोडणं का अवघड, ते समजून घ्यायला हवं. सपाट ताटलीत एखादा तुकडा केसभर तिरपा बसला तर शेजारी थोडी फट दिसते, बस. गोल भांड्यात ती केसभर चूक पुढच्या तुकड्यात जाते, तिथून त्याच्या पुढच्यात, आणि वळसा पूर्ण होईतो शेवटच्या तुकड्याला जागाच उरत नाही. शिवाय काही तुकडे आधी बसले तर मधला तुकडा आत सरकायची वाटच बंद होते. म्हणून कोणता तुकडा कोणाच्या आधी, हा क्रम सगळ्यात महत्त्वाचा. त्यात भर अशी की आधीच्या दुरुस्त्यांत काही तुकड्यांच्या कडा कानशीनं घासल्या गेल्या होत्या. नीट बसत नाही म्हणून कोणीतरी कड थोडी घासली, आणि तुकडा बसला. पण तुटलेली कड म्हणजे त्या तुकड्याचा पत्ता. शेजाऱ्याची कड आणि ती एकमेकींत अचूक बसतात, म्हणून तर जुळणी होते. घासलेली कड पुन्हा कधीच तशी होत नाही. डिंक काढता येतो, कानशीचा घाव भरून निघत नाही.

आजचा संवर्धक म्हणूनच मूळ वस्तूचा कणही कापत नाही, घासत नाही, आणि शक्य तिथे अशीच दुरुस्ती करतो की पुढच्याला ती सोडवता येईल. काचेत हे सोपं नाही. चिकटवणारं द्रव्य पारदर्शक हवं, ताकदीचं हवं, वर्षानुवर्षं पिवळं न पडणारं हवं. अनेक द्रव्यं तपासून म्युझियमनं एक इपॉक्सी निवडली. ती साध्या द्रावकात विरघळत नाही, पण विशिष्ट द्रावकांत फुगून सैल पडते. म्हणजे वाट पूर्ण बंद नाही. मोकळ्या जागा निळ्या आणि पांढऱ्या राळेनं भरल्या. विसरलेल्या कपच्यांपैकी बहुतेक सगळे या वेळी आपल्या जागी बसले. अगदी बारीक काही उरले. पुढची निदान शंभर वर्षं मोठ्या दुरुस्तीची गरज पडू नये, अशी अपेक्षा आहे. तळाची चकती मात्र पुन्हा लावली नाही. ती आता वेगळी मांडलेली असते.

तेरला आपण सोलापूरकर जातो ते बहुधा गोरोबाकाकांच्या दर्शनाला. कुर्डुवाडी-लातूर मार्गावर तेरचं स्टेशन आहे, गाडीनं बार्शीवरूनही जाता येतं. दर्शन झालं की रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात अवश्य जा. लामतुरे यांनी गावातल्या पांढरीच्या टेकाडांतून, पावसानं उघड्या पडलेल्या, नांगराला लागलेल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, आणि त्या संग्रहातून हे शासकीय संग्रहालय उभं राहिलं. इथे सापडलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीची आठवण करून देते. दगडाचे आणि काचेचे मणी पाहायला जरा वाका. भोक दोन्ही बाजूंनी सरळ आहे का, काचेच्या मण्यावर इंद्रधनुषी झाक आहे का, ते बघा. ती झाक म्हणजे सजावट नव्हे. ओल्या जमिनीत शेकडो वर्षं राहिल्यावर काचेतला खार पाण्यात उतरतो आणि पृष्ठभागाचे कांद्याहून पातळ पापुद्रे सुटायला लागतात; त्यांच्यावरून परतणारा प्रकाश तसा दिसतो. असा मणी राखेनं किंवा चिंचेनं घासला की झाक जाते आणि तिच्यासोबत मण्याचा वरचा थरही जातो.

तेरच्या आसपास, सीना-भीमेच्या काठच्या जुन्या गावठाणांत शेतात असं काही मिळणं नवलाचं नाही. आपल्याकडे १८७८ चा भूमिगत धनाचा कायदा अजून आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होतो. घाबरून वस्तू पुन्हा मातीत ढकलणं किंवा सोनाराकडे नेणं, दोन्ही टाळा. तलाठ्याला सांगा, तहसीलला अर्ज द्या. त्याआधी जागेवरच फोटो काढा आणि गट नंबर, बांधापासूनचं अंतर, किती खोलीवर लागलं आणि शेजारी खापरं, राख, विटा काय होतं ते कागदावर लिहा. वस्तू धुऊ नका. माती लागलेलीच कागदात गुंडाळा. फुटली असेल तर कपचे डिंकानं चिकटवायला जाऊ नका. सगळे वेचून, अगदी नखाएवढेही, त्याच पुडीत ठेवा आणि पुडीवर तारीख घाला.